गजाचे केस

सिर्माय व्हेन्देल पहिल्यांदा आमच्या दुकानात आला
तेव्हा नऊ वर्षांचा होता, पायात थोरल्या भावाचे बूट.
बाबांनी त्याचा गज खिडकीच्या उजेडात धरला, म्हणाले,
"टोकापासून मुठीपर्यंत सारखे झिजलेत केस.
पोरगं हात आखडत नाही."
पैसे घेतले नाहीत.
आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मी तेव्हा केस धुवायला शिकत होते.
पांढऱ्या घोड्याची शेपूट, कोमट पाणी, साबण,
मग एकेक केस बोटांतून ओढून पाहायचा.
गाठ असेल तो बाद. पिवळा असेल तो बाद.
एका गजाला दीडशे लागतात.
मोजताना माझे ओठ हलायचे आणि तो हसायचा,
की पुन्हा पहिल्यापासून.

एकोणपन्नास सालच्या पानगळीत
तो रात्री मागच्या दारानं आला.
छावणीत वाजवून वाजवून गजाला उरले होते अकरा केस.
मिश्कोल्त्सात पांढरा घोडा एकही नव्हता;
सैन्यानं नेलेले, नाहीतर सैन्यानं खाल्लेले.
मी बेकरीवाल्या पोंग्राट्सच्या काळ्या घोडीचे कापून आणले.
काळा केस जाड. तातेला चावतो.
त्यानं दोन सूर ओढून पाहिले, दबकत,
उशीखाली वाजवल्यासारखे,
आणि म्हणाला, "चालेल. आता असंच वाजायला हवं."
पहाटे गवताच्या गाडीत आडवा होऊन सीमेकडे गेला.

मग नुसती वर्तमानपत्रं.
हॅम्बुर्ग. लंडन. न्यू ऑर्लिन्स.
चित्रात अंगावर सोनेरी गोंड्यांचा कोट,
जो आमच्या गल्लीत कधी कुणी घातला नाही.
आणि त्याच्या नावानं छापलेला एक नाच,
जो अवाश टेकडीखाली बेर्तोक वाजवायचा:
रोमा, एका डोळ्यानं अधू,
लग्नात वाजवून झालं की दारामागे जेवायला बसवलेला.
मी त्याला तो कागद दाखवला. वाचता येत नव्हतं.
मी गुणगुणले.
तो ऐकत राहिला. म्हणाला, "दुसरी ओळ चुकवलीय त्यानं."
आणि बऱ्याच वेळानं, "पण बरी चुकवलीय."

माफी जाहीर झाली त्या वर्षी तो परत आला,
पोट सुटलेलं, मिशांना रंग.
बाबा गेले, हे त्याला दुकानाच्या पाटीवरून कळलं.
मी गज उजेडात धरला.
केस झिजलेले फक्त मधल्या चार बोटांत.
टोक कोरं. मूठ कोरी.
मी काही बोलले नाही.
"क्लोटिल्ड, तुझे बाबा असते तर बोलले असते."
"बाबांनी पैसे घेतले नसते," मी म्हणाले. "मी घेणार."
तो हसला, बेर्तोकची चौकशी केली.
कॉलऱ्यानं नेलं, मी सांगितलं.
मग नव्या केसांवर राळ घासून
त्यानं तो नाच वाजवला, उभ्या उभ्या, टोपी न काढता.
दुसरी ओळ तशीच. चुकलेली.
आता ती त्याला चूक वाटत नसावी.

गेल्या हिवाळ्यात तो वारला, कुठल्याशा बंदराच्या गावी,
दोन तुकड्यांच्या मध्ये, घाम पुसायला रुमाल काढताना.
मृत्युपत्रात गज माझ्या नावे.
पार्सल फोडलं, आणि हातांनी
पन्नास वर्षं जे केलं तेच केलं.
खिट्टी काढली, जुने केस कापले, शेगडीत टाकले.
दुकानभर तो वास, जळक्या केसांचा आणि राळेचा.
नवे बसवून झाल्यावर लक्षात आलं
की झीज कुठे होती
ते पाहायचं राहून गेलं.

नंतर पेश्टच्या संग्रहालयातून एक गृहस्थ आले.
हातमोजे न काढताच गज उचलला.
त्यांना शेवटच्या मैफलीचे केस हवे होते.
"मग हे कुणाचे?"
"पोंग्राट्सच्या घोडीच्या पणतीचे," मी म्हणाले.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.